पिंपाला पांघरूण

किलमोरीत कुणाला थंडी वाजत नसे. जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, सकाळी नळ गोठतो, अंगणातलं गवत बुटाखाली करकरत मोडतं, आणि तरीही माणसं फार तर "आज हवा जरा ताजी आहे" एवढंच म्हणतात. न्यूझीलंडच्या त्या दक्षिण टोकाला घरात कुडकुडणाऱ्या माणसाला एकच औषध सांगतात: आणखी एक स्वेटर चढव. मर्डो मॅकॅस्किलने हे औषध आपल्या बायकोला सेहेचाळीस वर्षं दिलं.

मे महिन्यात एल्माला न्यूमोनिया झाला, तेव्हा तिच्या अंगावर तीन स्वेटर होते. बरी झाल्यावर ती इस्पितळातून घरी आलीच नाही. थेट उत्तरेला, नेल्सन शहरात मुलीकडे, फिओनाकडे गेली. जाताना गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "घर गरम झाल्याशिवाय मी परत यायची नाही, मर्डो."

"सप्टेंबरपासून होतंच की गरम."

एल्माने काच वर केली.

मर्डोच्या मते हे सगळं बोलणं हवामानाबद्दल होतं. सप्टेंबरात वसंत येईल, हवा सुधारेल आणि बायको परतेल, असा सरळ हिशेब करून तो घरात गेला आणि त्याने कामाला हात घातला. ऑगस्टच्या शेवटी एल्माला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. परसातल्या झाडाचे प्लम तिने स्वतः बिया काढून फ्रीझरमध्ये भरून ठेवले होते. त्या प्लमची दारू गाळायची, तिच्या वाढदिवसाला बाटली पुढे ठेवायची. मर्डोच्या हातच्या कुठल्याही गोष्टीला एल्माने मनापासून "छान" म्हटलं असेल, तर ते या दारूला. तेसुद्धा नाताळात, अंगठ्याएवढ्या पेल्यातून, वर्षातून एकदा.

त्या देशात आपल्यापुरती दारू घरी गाळायला कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे तिला चोरीची चवही नाही. निम्म्या गावाच्या शेडमध्ये भट्टी आहे. मर्डोची आतापर्यंत गॅसच्या शेगडीवर चालायची. मागच्या वर्षी त्या शेगडीने त्याच्या दोन्ही भुवया नेल्या. एक परत आली. म्हणून यंदा विजेवरचा बॉयलर करायचं ठरलं.

मर्डो एकेचाळीस वर्षं मटणाच्या कारखान्यात फिटर होता, आणि किलमोरीतल्या साऱ्या फिटरांप्रमाणे त्याचंही एक तत्त्व होतं: जे करता येतं ते विकत आणायचं नाही. दुकानातून आणणं म्हणजे हार मानणं. बंद पडलेल्या पबच्या मालकाने पन्नास लिटरचं स्टीलचं बिअरचं पिंप दिलं, चोरीचं नाही अशा चिठ्ठीसकट. मर्डोने ते घासूनपुसून घेतलं, बुडापासून चार बोटं वर गोल भोक पाडलं, कडा कानशीने इतकी गुळगुळीत केली की बोट फिरवत बसावं. चोवीसशे वॅटची कॉइल शेजारच्या हेमीने दिली. हेमी वायरमन. माओरी माणूस, पंचावन्नचा, रुंद, सावकाश बोलणारा. त्याने ती कॉइल नव्या कोऱ्या खोक्यातून काढली होती, पण मर्डोला सांगितलं की एका जुन्या गिझरची आहे. नाहीतर मर्डोने घेतलीच नसती.

वायरिंग हेमीनेच केलं. अर्थिंग दोनदा तपासलं आणि म्हणाला, "हे बघ म्हाताऱ्या, कॉइल कायम बुडलेली पाहिजे. कोरडी पेटवलीस तर उरलेली भुवई माझ्याकडे मागायला येऊ नकोस."

पहिली चाचणी नुसत्या पाण्यावर घेतली. पाणी तापलं, वर वाफेची नळी लावली, दुसऱ्या टोकाने धार सुरू झाली. पण ती धार काही केल्या एकसारखी पडेना. शेडच्या फळ्यांमधून वारा आला की बारीक, वारा पडला की जाड. आपल्याकडे पहिल्या धारेचं केवढं कौतुक असतं. मर्डो पहिली धार मोरीत ओतायचा, ती डोळ्यांना आणि डोक्याला वाईट. मधली तेवढी ठेवायची. आणि धारच वाऱ्यावर नाचायला लागली तर कुठं पहिली संपली आणि कुठं मधली सुरू झाली, हे देवालाही सांगता यायचं नाही.

त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. पिंपाचा घेर, उंची, झाकण, बूड. आतलं तापमान, बाहेरचं तापमान. उत्तर आलं पाचशे वॅट. चोवीसशेतले पाचशे वॅट पिंपाच्या अंगातून नुसते हवेत जात होते.

"पाचशे!" तो हेमीला म्हणाला. "नुसती शेड तापवायला! मला काय वेड लागलंय?"

"मग गुंडाळ त्याला काहीतरी."

मर्डो घरात आला आणि पलंगापाशी उभा राहिला. पलंगावर दोन ब्लँकेटं होती. अस्सल लोकरीची, साईच्या रंगाची, कडेला निळी पट्टी. एल्माच्या आईने लग्नात दिलेली जोडी. मर्डो झोपेत पांघरूण ओढतो म्हणून पहिल्या वर्षापासूनच ज्याचं त्याचं वेगळं होतं. एल्माचं तिच्या बाजूला नीट घडी घालून ठेवलेलं होतं. ती नाही, म्हणजे तिला थंडी नाही. म्हणजे ब्लँकेट रिकामं. या विचारात मर्डोला कुठंही फट दिसली नाही, आणि फटी शोधणं हेच तर त्याचं काम होतं.

कात्री त्याने लावली नाही. चांगल्या मालाला तो कात्री लावत नसे. चार पदरी घडी करून ब्लँकेट पिंपाभोवती असं गुंडाळलं की कॉइलचं तोंड तेवढं उघडं राहिलं, उरलेला भाग झाकणावर दुमडला, आणि लोकरीच्या गासड्या शिवायच्या दाभणाने सुतळीचे टाके घातले. टाके इतके सारखे की एल्माने पाहिले असते तर तिला आश्चर्य वाटलं असतं. तिच्या झग्याचं निघालेलं बटण त्याच्याकडून चौदा वर्षांत लागलं नव्हतं.

हेमीने तापमान मोजायचं पिस्तूल आणलं. नेम धरून घोडा दाबला की भिंतीचं, तव्याचं, कशाचंही तापमान आकड्यात दिसतं. आत पाणी शंभर, ब्लँकेटची बाहेरची बाजू चोवीस. पाचशेचे सव्वाशे वॅट झाले. धार दोऱ्यासारखी सरळ पडू लागली.

"ऊबदार आहे रे," हेमी पिंपावर हात ठेवून म्हणाला. हात त्याने बराच वेळ काढला नाही. "पिस्तूल ठेव तुझ्याकडे, परत दे सवडीने."

रविवारी दुपारी चारला एल्माचा फोन आला. दर रविवारी यायचा. हवा, फिओनाची नोकरी, मर्डोने काय खाल्लं, असं सगळं झाल्यावर ती म्हणाली, "माझं ब्लँकेट तेवढं पोस्टाने पाठव."

"नेल्सनला? तिकडे तर ऊन असतं म्हणे."

"आईचं आहे ते. राहायचंच तर आपल्या पांघरुणात राहावं."

"किती दिवस राहायचं?"

"फिओनाने मागची खोली रिकामी केली माझ्यासाठी. पडदे शिवतोय आम्ही."

पडदे. पडदे शिवणारं माणूस सप्टेंबरात परत येत नाही, एवढं मर्डोलाही कळत होतं. ती हवामानाबद्दल बोलत नव्हती. मे महिन्यापासून ती हवामानाबद्दल बोलतच नव्हती.

"ऐकतोयस ना? ब्लँकेट."

"ते जरा कामात आहे."

"कसल्या कामात?"

मर्डोला खोटं बोलता येत नसे. त्याला तेवढी कल्पनाशक्ती नव्हती. "पिंपाला गुंडाळलंय," तो म्हणाला, आणि मग त्याने सगळं नीट समजावून सांगितलं: शेडचा वारा, नाचणारी धार, पाचशे वॅट, चार पदर, सव्वाशे वॅट. सांगता सांगता त्याला पुन्हा हुरूप आला.

"मग आता गरम आहे का ते?" एल्माने विचारलं.

"आत शंभर. बाहेरून हात लावला तर चोवीस!"

"चोवीस," एल्मा म्हणाली. "मर्डो, सेहेचाळीस वर्षं झोपले मी त्या खोलीत. तिथं किती असतं ते कधी मोजलंस?"

"अगं, आणखी एक स्वे–"

फोन बंद झाला.

मर्डोने पिस्तूल उचललं ते तिचं म्हणणं खोटं पाडायला. बायका वाढवून बोलतात; आकडा काय तो खरा. बेडरूमच्या मधोमध उभं राहून त्याने घोडा दाबला. सात. छत, पाच. त्याच्या बाजूची भिंत स्वयंपाकघराला लागून, पलीकडे चूल: अकरा. अकरा काही वाईट नाही, असं म्हणून तो वळसा घालून एल्माच्या बाजूला गेला. ती भिंत बाहेरची, दक्षिणेची, सारा बर्फाचा वारा अंगावर घेणारी. चार.

त्याने पुन्हा मोजलं. चार.

मग त्याने पलंग ओढून बाजूला केला. उशीच्या मागे भिंत ओली होती आणि तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके उशीच्याच आकारात पसरले होते. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या खोचलेल्या, एकावर एक, वर्षानुवर्षांच्या. चौकटीखाली एक पिळा घातलेला टॉवेल. तो टॉवेल मर्डोने रोज पाहिला होता. तो टॉवेल आहे, एवढंच त्याने पाहिलं होतं. आणि कोण कुठल्या बाजूला झोपणार हे लग्नानंतर पहिल्या दिवशी त्यानेच ठरवलं होतं.

तो स्वयंपाकघरात बसला आणि कॅलेंडरच्या पाठीवर उरलेल्या जागेत घराचा हिशेब मांडला. पिंपाचा मांडला होता तसाच. चार भिंती, छत, जमीन, खिडक्या. साडेचार हजार वॅट. चुकलं असेल म्हणून तीनदा मांडला. छतावर काही नाही, भिंतींत काही नाही. त्याच्या बापाने बांधलं आणि बापालाही थंडी वाजत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं सगळं घरच दिव्याखाली होतं. मर्डोला लाज वाटली. फिटर म्हणून आधी वाटली, नवरा म्हणून थोड्या वेळाने. पण दुसरी जास्त टिकली.

"हेमी, माझं घर गळतंय," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला.

"तुला आज कळलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, आणखी एक स्वेटर चढव. तुझ्याकडे चहाला आलो की मी कोट काढत नाही, बघितलं नाहीस कधी?"

"मला वाटलं, तू घाईत असतोस."

"मी? घाईत?" हेमी म्हणाला.

मर्डोला वाटलं होतं, खालच्या मेंढ्यांच्या वाडीवरून न विकलेली लोकर पोत्यांनी आणावी आणि छतावर पसरावी. लोकरीला भाव नाही, हवी तेवढी मिळेल. हेमीने हात जोडले. "कच्ची, तेलकट लोकर? कसर लागेल तिला. उन्हाळ्यापर्यंत तुझं छत चालायला लागेल. मर्डो, या गोष्टी दुकानात मिळतात. धुतलेल्या लोकरीच्या गाद्या. कापायच्या आणि बसवायच्या."

तिसऱ्या दिवशी मर्डो गाडी काढून दुकानात गेला. काउंटरवर लिओना होती, कारखान्यातल्या जुन्या फोरमनची मुलगी. मागे तीन-चार ओळखीचे म्हातारे स्क्रूंच्या खणांपाशी उगाच उभे होते.

"छतासाठी लोकरीच्या गाद्या हव्यात," मर्डो म्हणाला. "भिंतींसाठी पण."

"कुणाचं काम घेतलंस?"

इथं 'हेमीचं' म्हणता आलं असतं. "घरचं," मर्डो म्हणाला.

स्क्रू चाळणारे हात थांबले. "तब्येत बरी आहे ना रे?" एकाने काळजीने विचारलं.

"माझी बरी आहे. बायकोची नव्हती," मर्डो म्हणाला, आणि कधी नव्हे ते पैसे मोजून देऊन बाहेर पडला.

पुढचे सोळा दिवस तो छताच्या पोकळीत पोटावर सरपटत होता. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाने सरपटू नये असं हेमी खालून ओरडून सांगायचा आणि पुढची गादी वर सरकवायचा. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीच्या फळ्या काढल्या, आत लोकर भरली, नव्या फळ्या लावल्या. बुरशी घासून काढली. खिडकीतली वर्तमानपत्रं एकेक करून ओढली. सगळ्यात आतलं छत्तीस वर्षांपूर्वीचं निघालं. फिओना तेव्हा पाळण्यात होती. मर्डोने ते वाचलं नाही. नुसतं हातात धरून बसला.

एवढं करून खोली बारावर आली. बारा म्हणजे सातापेक्षा पुष्कळ, पण बारा म्हणजे काही चोवीस नव्हे. चुलीची धग तिथवर पोचत नव्हती.

"हीटर आण," हेमी म्हणाला. "दुकानात मिळतो."

"एकदा गेलो ना दुकानात," मर्डो म्हणाला. माणसाने एका महिन्यात बदलावं तरी किती? तो शेडमध्ये जाऊन पिंपासमोर उकिडवा बसला. पाचशे वॅट, नुसती शेड तापवायला. मग तो उठला, दाभण घेतलं आणि टाके उसवायला लागला.

संध्याकाळी हेमी आला तेव्हा पिंप उघडंवाघडं, चकचकीत, बेडरूममध्ये एल्माच्या बाजूला उभं होतं. आत चाळीस लिटर साधं पाणी, झाकणाला वाफ जायला वाट, पाणी सत्तरवर गेलं की आपोआप बंद होणारं बटण. हेमीने अर्थिंग पुन्हा दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा, कारण पलंग जवळ होता.

"दारूचं काय?" त्याने विचारलं.

"प्लम फ्रीझरमध्ये आहेत. कुठं जातायत?"

ब्लँकेट त्याने गार पाण्यात हाताने धुतलं. गरम पाण्यात घातलं असतं तर आटून पिंपालाही पुरलं नसतं. चुलीवरच्या दांडीवर चार दिवस वाळवलं. दाभणाची भोकं लोकरीत आपोआप मिटली. शेडचा वास काही गेला नाही. मागितलं होतं तसं पोस्टाने पाठवायला त्याने खोकं बांधलं, आणि सोबत पत्र लिहायला बसला. 'प्रिय एल्मा' लिहून झाल्यावर तासभर पुढचं सुचेना. शेवटी त्याने रेघा मारून एक तक्ता केला आणि तोच आत घातला.

एल्माची बाजू, सकाळी सहा.
सोमवार – सोळा.
मंगळवार – सतरा.
बुधवार – सतरा.
गुरुवार – सतरा.
शुक्रवार – पंधरा (वारा होता).
शनिवार – सतरा.
रविवार – अठरा.

खाली सही केली: म. मॅकॅस्किल.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मर्डो चारपासून सहापर्यंत फोनशेजारी बसून होता. घर ऊबदार होतं आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा थंडी वाजत होती.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी बस थांबली. एल्मा उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत ब्लँकेट. मर्डो फाटकापाशी गेला.

"आज हवा जरा ताजी आहे," तो म्हणाला.

"थंडी आहे, मर्डो. थंडी म्हणतात याला."

"थंडी आहे," मर्डोने कबूल केलं.

एल्मा कोट न काढता थेट बेडरूममध्ये गेली. पिंप पाहिलं. नव्या फळ्या पाहिल्या. पलंगाला वळसा घालून तिने उशीच्या मागे हात घातला आणि तळवा भिंतीवर सपाट ठेवला. ठेवूनच उभी राहिली. मर्डो दारात पिस्तूल घेऊन उभा होता, लागलं तर असावं म्हणून.

"शुक्रवारी पंधरा का लिहिलंस?" भिंतीकडेच बघत तिने विचारलं. "सतरा लिहिलं असतंस तर मला काय कळणार होतं?"

"पंधराच होतं."

एल्माने मान हलवली. तक्त्यातला तो शुक्रवार तिने बसमध्ये किती वेळा वाचला होता, ते तिने सांगितलं नाही. ब्लँकेट तिने आपल्या बाजूला पसरलं, वास घेतला, नाक मुरडलं. मग कोट काढला. मग वरचा स्वेटर काढला. खालचाही काढला, आणि दोन्ही, इकडेतिकडे खुंटी न शोधता, पिंपावर टाकले.

मर्डोने तोंड उघडलं.

"बोल," एल्मा म्हणाली.

"काही नाही."

"उष्णता अडते. हेच ना?"

"थोडी," मर्डो म्हणाला.

ती नुसत्या ब्लाउजवर पलंगाच्या काठावर बसली आणि बूट सोडायला लागली. ऑगस्ट महिन्यात त्या घरात एल्माचे दंड मर्डोला आजवर दिसले नव्हते. दोन स्वेटरांखाली साधारण साठ वॅट अडत होते, त्याने मनातल्या मनात हिशेब केला. त्याने ते अडू दिले.